जुनी लाकडी कनू घेतली आहे, हिचं मूळ गाव कसं शोधायचं?

गोठलेला_मावळा

नमस्कार मंडळी. मी न्यू हॅम्पशायरमध्ये राहतो. गेल्या शनिवारी शेजारच्या मेन राज्यात एका जुन्या घरातल्या सामानाची विक्री होती. बायकोला पितळी दिवा हवा होता म्हणून गेलो. दिवा काही मिळाला नाही, कनू मिळाली. सोळा फूट, लाकडी, ४०० डॉलर.

आतून बघितली तर मन जातच नाही तिच्यावरून. सीडरच्या पातळ, वाकवलेल्या फासळ्या एकापुढे एक, खाली लांब फळ्या, आणि प्रत्येक फासळीवर पितळी चुकांची रांग. बाहेरून मात्र कुणीतरी फायबरग्लास थापून वर लालभडक रंग मारला आहे. विकणाऱ्या आजी म्हणाल्या, "ओल्ड टाऊनची आहे, शंभर वर्षांची, माझ्या वडिलांची होती." कंपनीचं चिन्ह कुठेही नाही.

तर ही कुणी बांधली, कधी बांधली, हे कळण्याचा काही मार्ग आहे का? आणि ते फायबरग्लास काढावं की राहू द्यावं? फोटो जोडले आहेत.

चष्मिष्ट

फोटो दिसत नाहीत.

भाकरवडी

दिवा आणायला गेलात आणि होडी घेऊन आलात! वहिनी काय म्हणाल्या यावर वेगळा धागा काढा, तो जास्त चालेल.

सुतारपक्षी

मावळे, अभिनंदन. मी व्हरमाँटमध्ये असतो. अशा दोन कनू माझ्या हातून दुरुस्त झाल्या आहेत, तिसरी चार वर्षं गराजमध्ये उलटी पडून आहे. त्यामुळे सल्ला देण्याचा अर्धा अधिकार आहे असं समजा.

मेनमधल्या जुन्या घरातून निघालेली प्रत्येक कनू ओल्ड टाऊनचीच असते, निदान विकणारा तरी तसंच सांगतो. ओल्ड टाऊन हे पेनॉब्स्कॉट नदीकाठचं गाव, कंपनीचं नाव त्याच्यावरूनच. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून ती कनू बांधते आहे, आता मुख्यतः प्लॅस्टिकच्या. पण त्याच भागात आणखीही कारखाने होते. व्हीझीला मॉरिस, वॉटरव्हिलला केनेबेक, बँगरला गेरिश, ओल्ड टाऊनमध्येच कार्लटन आणि व्हाइट. पद्धत सगळ्यांची सारखी: लाकडी साच्यावर उलटी बांधायची, साच्याला लोखंडी पट्ट्या मारलेल्या असतात, चूक ठोकली की तिचं टोक पट्टीवर आपटून आपोआप मुडपतं. मग वर कॅनव्हास ताणून त्याची वीण भरायची आणि रंग द्यायचा. म्हणून लांबून सगळ्या बहिणी-बहिणी दिसतात.

आता हे करा. कनूच्या दोन्ही टोकांना, आत अगदी तळाशी, जिथे फळ्या संपतात आणि टोकाचं वाकवलेलं लाकूड वर चढायला लागतं, त्या लाकडाच्या सपाट भागावर आकडे ठोकलेले सापडतात का बघा. ओल्ड टाऊन असेल तर एक मोठा आकडा, मग थोडी जागा आणि मग लांबी, म्हणजे तुमच्या बाबतीत १६. मॉरिस असेल तर आकडा तिथे नसतो, पुढच्या टोकाजवळ काठाच्या आतल्या पट्टीवर छोटी धातूची चकती असते.

सँडपेपर लावू नका. पुन्हा सांगतो, लावू नका. आकडे फार खोल नसतात. जुना टूथब्रश, थोडं वार्निश काढायचं द्रावण आणि बाजूने टॉर्च, एवढंच.

शंकासुर

शंभर वर्षं हे कुणी मोजलं? काठाच्या पट्टीचे स्क्रू कसले आहेत ते सांगा. अधिक चिन्हाची खाच असेल तर ते फिलिप्स स्क्रू, आणि ते बाजारात आले १९३० च्या दशकाच्या मध्यात. मग आजींचं शतक तिथेच ढासळलं.

गोठलेला_मावळा

@शंकासुर, आत्ताच गराजमध्ये जाऊन आलो. अधिक चिन्हच आहे. :(

ओंटारियोची_सून

अधिक चिन्ह नक्की ना? चौकोनी खाच नाही ना? चौकोनी असती तर मी लगेच हिला कॅनडाचं नागरिकत्व देऊन टाकलं असतं. चौकोनी खाचेचा रॉबर्टसन स्क्रू हा अस्सल इकडचा, आमच्या घरात अजूनही तेच निघतात.

इकडच्या दोन मोठ्या कंपन्या म्हणजे फ्रेडरिक्टनची चेस्टनट आणि ओंटारियोतली पीटरबरो. दोन्ही बंद पडल्या, पीटरबरो १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला आणि चेस्टनट १९७० च्या दशकाच्या अखेरीस. पीटरबरोत कनूचं एक अख्खं संग्रहालय आहे, २०२४ मध्ये तळ्याकाठच्या नव्या इमारतीत गेलंय. सासऱ्यांना घेऊन गेले होते. ते तासभर एकाच कनूसमोर उभे. मी विचारलं, "बाबा, काय बघताय एवढं?" तर म्हणाले, "हिला एकही खिळा नाही गं." सालींची होती, मुळांनी शिवलेली.

आणि मूळ शोधायचंच असेल तर टॉम थॉमसनची कनू शोधा! तो इकडचा लाडका चित्रकार. जुलै १९१७ मध्ये अल्गोंक्विन पार्कमधल्या कनू लेकवर (हो, तळ्याचं नावच ते) कनू घेऊन निघाला. कनू उलटी तरंगताना सापडली, तो आठवडाभराने मृतावस्थेत. बुडाला की मारला यावर लोक अजून भांडतात. ती राखाडी कनू पुढे कुठे गेली कुणालाच ठाऊक नाही.

भाकरवडी

मावळे, लाल रंगाखाली राखाडी आहे का बघा हो. ४०० डॉलर वसूल.

चष्मिष्ट

फोटो अजून दिसत नाहीत. बाकी ते कनू की कॅनू की कनो? मराठीत काही शब्द नाही का?

खाडीकाठ

आहे की. एका खोडातून कोरलेली छोटी होडी असेल तर आमच्याकडे कोकणात पगार म्हणतात. महिनाअखेरीला बुडते ती वेगळी.

मी मालवणजवळचा. मावळ्यांची होडी जिकडची तिकडे राहू दे, तिला उगाच कोकणात ओढत नाही. पण मूळ शोधण्यावरून एक आठवलं. आमच्या आजोबांची आंब्याच्या खोडाची अशीच होडी होती. एका पावसाळ्यात खाडीला पाणी आलं आणि होडी दावं तोडून गेली. चार दिवसांनी पलीकडच्या गावात चिखलात रुतलेली सापडली. तिथे तिचे मालक तीन. तिघेही शपथेवर तयार. आजोबा काही बोलले नाहीत. खाली वाकले, नाळेजवळचा चिखल हाताने पुसला आणि एक पत्रा दाखवला. आमच्याच घरातल्या डालड्याच्या डब्याचा पत्रा, तडा गेला तेव्हा राळ लावून ठोकलेला. त्यावरचं ताडाचं झाड अजून अर्धं दिसत होतं. आजी तिथेच म्हणाली, "माजो डबो!" भांडण संपलं.

आजोबा नंतर म्हणायचे, "होडी कोणाची ता लाकडाक इचारू नये, ठिगळाक इचारूचा."

सुतारपक्षी

@खाडीकाठ, तुमच्या आजोबांना साष्टांग नमस्कार. मावळ्यांनी नेमकं हेच करायचं आहे.

@शंकासुर, स्क्रूवरून एवढ्या लवकर निकाल देऊ नका. फायबरग्लास थापायचं तर काठाच्या बाहेरच्या पट्ट्या आधी उतरवाव्या लागतात, आणि त्या परत लावताना जो तो खिशात असतील ते स्क्रू मारतो. एक स्क्रू काढून भोक बघा. जुनं भोक, शेजारी नवं भोक, असं असेल तर ते स्क्रू फक्त दुरुस्तीचं वय सांगतात. स्क्रूपेक्षा हे बघा: टोकाला बारा अक्षरी-आकडी ओळख क्रमांक नसेल तर कनू नोव्हेंबर १९७२ च्या आधीची, कारण तेव्हापासून अमेरिकेत तो सक्तीचा झाला.

शंकासुर

बरं, स्क्रूचा मुद्दा अर्धा मागे घेतो. अर्धाच.

तळ्यातमळ्यात

मला या "मूळ" शब्दाचीच गंमत वाटते आहे. कारखाना शोधला म्हणजे मूळ सापडलं का? ओल्ड टाऊनला लागूनच नदीत एक बेट आहे, इंडियन आयलंड. पेनॉब्स्कॉट लोकांचं. हा आकार, ही वर वळलेली टोकं, हलक्या फासळ्या, सगळं त्यांच्या बर्चच्या सालीच्या कनूतून आलं. साल काढायची, पांढरी बाजू आत ठेवायची, स्प्रूसच्या मुळांनी शिवायची, सांध्यांना झाडाचा डिंक. पुढे एवढ्या मोठ्या सालीचे बर्च मिळेनासे झाले आणि सालीच्या जागी कॅनव्हास आला. कारखानदारांनी बाकी फार काही बदललं नाही, साचा आणि चुका सोडल्या तर.

शंकासुर

साचा आणि चुका सोडल्या तर? त्यातच तर सगळं आलं. सालीची कनू आधी कवच आणि मग फासळ्या अशी बांधतात. हे लोक आधी फासळ्या साच्यावर वाकवतात आणि मग फळ्या ठोकतात. उलटा क्रम. त्यामुळेच एकसारख्या शेकडो निघाल्या. श्रेय द्या, पण तपशील सोडू नका.

तळ्यातमळ्यात

क्रमाबद्दल मान्य. आकाराबद्दल नाही.

ओंटारियोची_सून

भांडू नका, त्याहून मजेदार सांगते. ती फ्रेडरिक्टनची चेस्टनट मंडळी मुळात हार्डवेअरचे दुकानदार. मेनमधली एक कनू विकत आणली, तिची नक्कल करून कनू बांधायला लागले, आणि १९०५ मध्ये कॅनडात कॅनव्हासच्या कनूचं पेटंटच घेऊन टाकलं!

भाकरवडी

पुण्यात एका बाकरवडीवरून असं झालेलं पाहिलं आहे. माझ्या नावामुळे जास्त बोलत नाही.

गोठलेला_मावळा

मंडळी, आकडा सापडला!!

रविवारी अडीच तास गेले. टोकाशी तळाला बोटभर जाड काळा थर होता, चिखल, पाइनच्या सुया आणि वार्निश एकत्र शिजलेलं. टूथब्रशने थोडं थोडं करत गेलो. आधी नुसता खरखरीतपणा लागला बोटाला. मग टॉर्च आडवी धरली आणि सावलीत एकदम १६ उठून आला. त्याच्या आधी सहा आकडे. पाच नक्की वाचता आले, पाचवा ३ आहे की ८ ते कळेना. मी ८ धरला.

बारा अक्षरांचा क्रमांक कुठेच नाही. @सुतारपक्षी, आता पुढे?

सुतारपक्षी

सहा आकडे आणि १६ म्हणजे ओल्ड टाऊनच्या रांगेत बसतंय. आता तुमचं नशीब बघा. या कंपनीने प्रत्येक कनूचं कार्ड ठेवलं, साधारण १९०६ ते १९७६ पर्यंतची कार्डं आजही आहेत. वुडन कनू हेरिटेज असोसिएशन म्हणून संस्था आहे, १९७९ पासूनची. त्यांच्याकडे ती स्कॅन केलेली आहेत. आकडा कळवा, कुणीतरी स्वयंसेवक कार्ड शोधून देतो. मला पहिल्या कनूचं त्याच संध्याकाळी मिळालं होतं.

मॉरिस निघाली असती तर हात चोळत बसला असतात. त्यांचा कारखाना १९१९ मध्ये जळाला, कागदही त्यातच गेले.

गोठलेला_मावळा

कार्ड आलं. पण...

लांबी १७ फूट. ओटका मॉडेल, ए ए ग्रेड, महॉगनीच्या पट्ट्या. रंग राखाडी.

माझी कनू मी तीनदा मोजली, सोळाच आहे. महॉगनी तर औषधालाही नाही. उगाच नाचलो.

भाकरवडी

राखाडी!! थॉमसन!!

शंकासुर

नाचलात ते ठीक, पण निष्कर्ष काढायची घाई केलीत. लाकडावर १६ ठोकलंय आणि कार्डावर १७ आहे, म्हणजे हे कार्ड तुमचं नाहीच. तो लांबीचा आकडा तुमचा पुरावा तपासून देतो आहे. पाचवा आकडा ३ धरून परत विचारा. आणि दुसऱ्या टोकाला बघितलंत का? सुतारपक्षींनी दोन्ही टोकं सांगितली होती.

गोठलेला_मावळा

दुसरं टोक... नाही बघितलं. :|

पेणकर_आजोबा

आम्ही खात्यात असताना जुने सातबारे वाचायचो. ३ आणि ८ चा घोळ शंभर वर्षांपूर्वी पण होता. कोरड्या आकड्यावर चिमूटभर पीठ टाका आणि हलक्या हाताने पुसा. पीठ खाचेत राहतं. तांदळाचं घ्या, गव्हाचं चिकटतं.

गोठलेला_मावळा

@पेणकर_आजोबा, तुमच्या पाया पडतो. तांदळाच्या पिठीने काम केलं. (बायको: "मोदकांसाठी आणली होती ती.") दुसऱ्या टोकाला पाचवा आकडा स्वच्छ ३.

दुसरं कार्ड आजच आलं. १६ फूट. एच डब्ल्यू मॉडेल, सी एस ग्रेड, म्हणजे साधी, कामाची. काठाच्या पट्ट्या स्प्रूसच्या. जानेवारी १९३७ मध्ये फळ्या लागल्या, मग कॅनव्हास, मग भरणीचे थर, एप्रिलमध्ये रंग. रंग: गडद हिरवा. मे महिन्यात रवाना, बॉस्टनमधल्या एका दुकानाकडे.

म्हणजे शंभर नाही, पण नव्वदीच्या आसपास. आजींना कळवलं. म्हणाल्या, "मी काय म्हणाले होते!"

शंकासुर

१९३७ म्हणजे फिलिप्स स्क्रू काळात बसतात. माझा उरलेला अर्धा मुद्दा शाबूत.

सुतारपक्षी

नाही बसत. मी पाहिलेल्या त्या काळातल्या सगळ्या ओल्ड टाऊनच्या पट्ट्यांना साध्या एका खाचेचे पितळी स्क्रू आहेत. मावळे, भोक बघितलंत का?

कार्डावर जानेवारी ते एप्रिल का गेले ते माहीत आहे ना? भरणी वाळायलाच काही आठवडे जातात. घाई केली तर वरचा रंग तडकतो. मी पहिल्या कनूला घाई केली होती. अजून दिसतं.

तळ्यातमळ्यात

बॉस्टन म्हटल्यावर चार्ल्स नदी आली! तिथे एके काळी कनूचं नुसतं वेड होतं. ऑबर्नडेलला नोरुम्बेगा पार्क होतं, १८९७ चं, तिथे रविवारी भाड्याच्या कनूंनी नदी भरून जायची. घरात आई-वडील, बाहेर शेजारी, त्यामुळे प्रेमी युगुलांना एकांत तो कनूतच. शेवटी पोलीसही नदीवर लक्ष ठेवायला लागले.

भाकरवडी

म्हणजे तेव्हाचं मरीन ड्राइव्ह, फक्त वल्ही मारायची. दोन्ही हात वल्ह्यात असताना एकांताचं करायचं काय हा प्रश्न उरतोच.

चष्मिष्ट

तो बहर १९३७ च्या बराच आधीचा ना? आणि साधी सी एस ग्रेड घेऊन कोण मिरवायला जाईल?

तळ्यातमळ्यात

हो, बहर आधीचा. जरा वाहवत गेले.

गोठलेला_मावळा

पंधरा दिवसांनी हजर. सुतारपक्षींचं ऐकून बाहेरची पट्टी उतरवली. भोकं प्रत्येक ठिकाणी दोन दोन. जुनं बारीक, नवं शेजारी तिरकं. शंकासुर, क्षमस्व.

पण खरी गोष्ट पुढे आहे. फायबरग्लास मारणाऱ्याने जुना कॅनव्हास पूर्ण काढलाच नव्हता. पट्टीच्या खाली जिथवर कात्री सहज गेली तिथवर कापला आणि वरची कड तशीच ठेवून पट्टी परत चढवली. त्यामुळे दोन्ही बाजूंना बोटभर रुंद कॅनव्हासची पट्टी चुकांनी ठोकलेली राहिली आहे. वरून मळकी, करडी. खालची कड नखाने उचलली तर तिथे रंगाचा ओघळ आलेला. गडद हिरवा. कार्डावर लिहिलेला.

@खाडीकाठ, तुमच्या आजीचा डालड्याचा डबा आठवला.

खाडीकाठ

आजीला सांगतो. ९१ वर्षांची आहे. डबा अजून मागते.

शंकासुर

दोन भोकं म्हटल्यावर विषय संपला. पूर्ण मागे घेतो. दुर्मीळ प्रसंग आहे, कुणीतरी तारीख लिहून ठेवा.

ओंटारियोची_सून

ती हिरवी पट्टी फेकू नका हं! एक तुकडा पाकिटात घालून कार्डाच्या प्रतीबरोबर ठेवा.

सुतारपक्षी

आता मूळ प्रश्नाचा राहिलेला भाग: फायबरग्लास काढा. सीडर पाण्याने फुगतं आणि आकसतं, फायबरग्लास हलत नाही, मधे ओल कोंडते आणि फासळ्यांची टोकं कुजतात. वजन वाढतं ते वेगळं. पॉलिएस्टर रेझिन असेल तर हीट गनने गरम करून हळूहळू सोलता येतं, इपॉक्सी असेल तर देव तुमचं भलं करो. पण आधी मास्क. जुन्या भरणीत शिसं असायचं आणि थोडी तरी फळ्यांवर उरलेली असते. कोरडं घासू नका, मुलांना गराजमध्ये येऊ देऊ नका, आणि ते कपडे घरच्या कपड्यांबरोबर धुऊ नका.

शंकासुर

इथे मात्र माझं मत वेगळं. त्या फायबरग्लासमुळेच ती इतकी वर्षं पाण्यात राहिली, नाहीतर कुणीतरी शेकोटीत घातली असती. तोही तिच्या इतिहासाचाच भाग.

सुतारपक्षी

तसं तर गळूही शरीराचा भाग असतं हो.

गोठलेला_मावळा

काढतोच आहे. पॉलिएस्टर निघालं, तळव्याएवढे तुकडे सुटतायत. रोज रात्री मुलं झोपल्यावर तासभर.

आणखी एक. मधल्या आडव्या दांडीच्या खालच्या बाजूला पांढऱ्या रंगात ७ लिहिलेला सापडला. छाप्याने मारलेला, सुबक. घरची एकुलती एक कनू असेल तर ७ कशाला लिहील कुणी? आजींना विचारलं, तर वडिलांनी ती युद्धानंतर कुणाकडून तरी जुनीच घेतली होती, एवढंच त्यांना माहीत. बॉस्टनचं दुकान ते आजींचे वडील, मधली दहा-एक वर्षं रिकामी.

तळ्यातमळ्यात

भाड्याची! मी म्हटलं नव्हतं?

चष्मिष्ट

किंवा मुलांचं उन्हाळी शिबिर. तिथेही होड्यांवर आकडे असतात. साधी ग्रेड, गडद हिरवा रंग, मे महिन्यात रवाना. सुट्ट्या लागायच्या आत पोहोचायला हवी होती कुणाला तरी.

सुतारपक्षी

हे पटण्यासारखं आहे. मावळे, त्या स्वयंसेवकाला विचारा, तुमच्या कार्डाच्या आधीच्या आणि नंतरच्या आकड्यांची कार्डं बघायला मिळतील का. त्याच दुकानाला, त्याच महिन्यात, अशाच १६ फुटी हिरव्या आणखी गेल्या असतील तर आठ-दहा जणींची तुकडीच सापडेल.

गोठलेला_मावळा

आजच विचारतो. तोवर सातवर पिठी टाकून फोटो काढलाय, जोडतो आहे.

चष्मिष्ट

दिसत नाही.